आधी पाउणकी, मग मोबाइल

आज पंचांगात चतुर्थी असेल, तर मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती तीनच्या सुमारास येणार. एकदा पहाटे, एकदा दुपारी. पंचमी असेल तर पावणेचारला, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला सहाला. हिशेब एवढाच, की तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या हा आडाखा अंगवळणी पडलेला असतो. शाळेत पावकी, निमकी, पाउणकी हे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे घोकून घेतले जायचे त्या काळी तर याला गणितही म्हणायची गरज नव्हती. सप्तमी म्हटलं की सव्वापाच, नवमी म्हटलं की पावणेसात, हे जिभेवरच असायचं.

आता भरतीची वेळ मोबाइलवर मिनिटासकट मिळते, शिवाय पाण्याची उंचीही सेंटिमीटरपर्यंत कळते. मग पाउणकीची गरज उरली कुठे? मला वाटतं, ती पूर्वीपेक्षा वाढली आहे. मोबाइलला पर्याय म्हणून नव्हे, तर मोबाइल चुकतो तेव्हा ती चूक आपल्याला दिसावी म्हणून. हे नीट पटायचं तर आडाखा कसा चालतो, मोबाइलमधलं गणित कसं चालतं आणि दोघं कुठे कुठे फसतात, हे क्रमाने पाहायला हवं.

पाऊणच का?

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. तो पुन्हा त्याच जागी डोक्यावर यायला पृथ्वीला सरासरी पन्नास मिनिटं जास्त फिरावं लागतं. म्हणून आजची भरती उद्या त्याच वेळेला येत नाही, सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. दिवसात भरती दोनदा, म्हणजे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं.

इथे तिथी कामाला येते. इंग्रजी तारखेचा चंद्राशी संबंध नाही. १५ तारखेला चंद्र कुठेही असू शकतो. तिथी मात्र चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावरच बेतलेली आहे. आकाशात चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. असे १८० अंश झाले की पौर्णिमा, ३६० झाले की अमावस्या. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे १२ अंशांना ४८ मिनिटं. एक तिथी पुढे सरकली की भरती ४८ मिनिटांनी पुढे सरकणार, हे यातून सरळ निघतं. अमावस्येला आणि पौर्णिमेला मुंबईत पूर्ण भरती बाराच्या आसपास असते. तिथून दर तिथीला ४८ मिनिटं मिळवत गेलं की झालं.

४८ मिनिटं म्हणजे तासाचे चार पंचमांश. पण चार पंचमांशाचा पाढा कोणी पाठ करत नाही, पाऊणचा करतात. ४५ मिनिटं धरली तर तिथीमागे तीन मिनिटांची चूक होते. चतुर्थीपर्यंत ती बारा मिनिटं, पौर्णिमेपर्यंत पाऊण तास. म्हणूनच पंधराची पाउणकी सव्वाअकरा येते, पण किनाऱ्यावरचा जाणकार पुनवेची भरती बारालाच धरतो. त्रयोदशी-चतुर्दशीपासून तो उत्तरात अर्धापाऊण तास आपसूक मिळवतो. तोंडी करता येईल असं गणित निवडायचं आणि त्याची चूक कुठे वाढते ते ध्यानात ठेवायचं, असा हा व्यवहार आहे.

चुकीची आणखी दोन कारणं आहेत. एक, दिनदर्शिकेत छापलेली तिथी ही सूर्योदयाची असते आणि तिथीची लांबी सारखी नसते. कधी ती १९-२० तासांत संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. त्यामुळे एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी. दोन, भरती रोज सारख्याच अंतराने पुढे सरकत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास ती चाळीसेक मिनिटांनी सरकते, तर अष्टमीच्या आसपास तासाहून जास्त. सगळं धरून पाउणकीचं उत्तर तासभर मागेपुढे समजावं. पुढच्या सगळ्या विवेचनात हा ‘तासभर’ महत्त्वाचा आहे.

उधाण आणि भांग

तिथी वेळ सांगते, तसाच पाण्याचा जोरही सांगते. समुद्राला सूर्यही ओढतो, पण त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. भरती खूप वर चढते, ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात, एकाची ओढ दुसरा कमी करतो. हा भांग. भरती बेताची, ओहोटीही बेताची. समुद्राला प्रतिसाद द्यायला थोडा वेळ लागतो, म्हणून सर्वांत मोठं उधाण नेमकं पुनवेला न येता एक-दोन दिवस पुढे, प्रतिपदा-द्वितीयेला येतं.

मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, भांगाला तो निम्म्यावर येतो. मुंबई, वसई, रायगडच्या किनाऱ्यावर डोल लावणाऱ्यांचा धंदाच या फरकावर चालतो. डोल हे ओढत न्यायचं जाळं नाही. ते प्रवाहाकडे तोंड करून एका जागी बांधून ठेवायचं. पाणी वाहतं, त्याबरोबर बोंबील, जवळा आत येतो. उधाणाला पाण्याला ओढ असते, जाळं भरतं. भांगाला पाणी सुस्तावतं, तेव्हा डोल टाकून हाती फारसं लागत नाही. म्हणून डोलकर तारीख विचारत नाही, तिथी विचारतो.

एक बारकावा आणखी. दिवसातल्या दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. मुंबईला पावसाळ्यातली मोठी उधाणं दुपारच्या भरतीला येतात, हिवाळ्यातली मध्यरात्रीच्या. म्हणून जुलैच्या अमावस्येला दुपारी बाराच्या सुमारास मरिन ड्राइव्हवर लाटा कठड्यावरून उसळताना दिसतात.

एक उदाहरण पुरतं करून पाहू

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. समजा, चतुर्थी आहे आणि सकाळी जायचं आहे.

चार पाऊण तीन. पूर्ण भरती पहाटे तीनला. पूर्ण ओहोटी, किनाऱ्याच्या बोलीत सुकती, सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊला. पुढची भरती दुपारी साडेतीनच्या सुमारास. तेव्हा पाणी उतरत असताना, आठच्या पुढे निघावं आणि ते परत फिरून फार चढायच्या आत बाहेर यावं.

फार म्हणजे किती? पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोक यासाठी बारा भागांचा हिशेब वापरतात. ओहोटी ते भरती या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक भाग चढतं. चतुर्थीला फरक तीन मीटर धरला तर एक भाग पंचवीस सेंटिमीटरचा. सव्वानऊ ते सव्वादहा पाणी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर चढतं, आणि ‘अजून खूप वेळ आहे’ असं वाटायला लागतं. सव्वादहा ते सव्वाअकरा पन्नास सेंटिमीटर. सव्वाअकरा ते सव्वाबारा पाऊण मीटर आणि त्याच्या पुढच्या तासात पुन्हा पाऊण मीटर. म्हणजे मधल्या दोन तासांत सगळ्या पाण्याचं अर्धं येतं. किनाऱ्यावर अडकणारी माणसं बहुधा इथेच अडकतात: पहिल्या तासाचा वेग पाहून तिसऱ्या तासाचा अंदाज बांधतात. आडाख्यात तासभराची चूक धरायची हे आपण ठरवलंच आहे. तेव्हा दहाच्या आत परतीची वाट धरावी.

आता हेच अष्टमीला करून पाहा. आठ पाऊण सहा. भरती सकाळी सहाला, ओहोटी दुपारी सव्वाबाराला. वेळ सोयीची दिसते, पण अष्टमी म्हणजे भांग. पाणी नेहमीएवढं खाली जाणारच नाही. वाट पूर्ण उघडी पडेल याची खात्री नाही. मोबाइलवर फक्त ‘ओहोटी सव्वाबारा’ वाचणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. अष्टमी म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाच्या लगेच येतं. अर्थात अशा कुठल्याही वाटेवर पाय ठेवण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारणं हे पाउणकीच्याही आधीचं काम.

मोबाइलच्या आत काय आहे

मोबाइलमधलं भरतीचं कोष्टक हे समुद्र पाहून सांगितलेलं नसतं, तेही गणितच आहे. बंदरावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवतात आणि निदान वर्षभर नोंदी घेतात. मुंबईत अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. आशियातल्या अत्यंत जुन्या नोंदींपैकी त्या एक. या नोंदींमधली चढउतार मग अनेक नियमित लाटांमध्ये फोडतात. चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची, चंद्र कधी जवळ येतो कधी लांब जातो त्याची वेगळी, विषुववृत्ताच्या उत्तर-दक्षिणेला सरकतो त्याची वेगळी. प्रत्येक बंदरासाठी प्रत्येक लाटेची उंची आणि वेळ एकदा ठरली, की पुढच्या कुठल्याही दिवसासाठी सगळ्यांची बेरीज करता येते.

ही बेरीज करणारं पहिलं यंत्र विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये घडवलं. चाकं, कप्प्या आणि त्यांवरून ओवलेली एक दोरी. प्रत्येक चाक एक लाट, दोरीचं टोक म्हणजे समुद्राची पातळी. त्यापाठोपाठ १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांनी खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी तसंच यंत्र तयार केलं आणि इथल्या बंदरांची कोष्टकं त्यावर निघू लागली. आज भारतीय सर्वेक्षण विभाग ही कोष्टकं काढतो आणि चाकांचं काम संगणक करतो. रीत तीच आहे.

म्हणजे पाउणकी आणि मोबाइल यांची जात एकच. पाउणकी चंद्राच्या एका लाटेचं गणित तिथीच्या आधाराने करते, मोबाइल अनेक लाटांचं करतो. म्हणून त्याचं उत्तर मिनिटांवर येतं, हिचं तासावर. अचूकपणात मोबाइल सरस आहे, यात वाद नाही. वादळ, लाटांची उंची, वाऱ्याचा जोर यांबाबत तर तिथी मुकीच आहे. तिथे हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राचा सल्ला हाच आधार, आणि तो डावलून दर्यात जाणं हा परंपरेचा मान नव्हे, जिवाशी खेळ आहे.

यंत्र चुकतं ते कसं

जुनं कौशल्य बहुधा थोडंथोडं चुकतं. यंत्र बहुतेक वेळा चुकतच नाही, आणि चुकतं तेव्हा भलतंच चुकतं. हा फरक ओळखणं महत्त्वाचं.

पहिली चूक जागेची. मोबाइलला तुमची खाडी ठाऊक नसते. तो जवळच्या एखाद्या बंदराचे आकडे दाखवतो. भरतीची वेळ किनाऱ्यागणिक बदलते. गोव्याकडे ती मुंबईच्या आधी येते, खंबातच्या आखातात भावनगरला काही तास उशिरा. खाडीत जितकं आत जावं तितकी ती उशिरा पोचते.

दुसरी चूक घड्याळाची, आणि ती फार फसवी. काही कोष्टकं ग्रीनिचच्या वेळेत असतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. भरती आणि ओहोटी यांत अंतर असतं सव्वासहा तासांचं. म्हणजे ग्रीनिचची वेळ आपली समजून कोणी वाचली, तर दुपारी तीनची भरती त्याला सकाळी साडेनऊला दिसेल, नेमकी खऱ्या ओहोटीच्या वेळेला. आणि ओहोटी दिसेल दुपारी पावणेचारला, जेव्हा पाणी काठोकाठ असणार. पडद्यावर आकडे नेहमीसारखेच नीटनेटके असतील. संशय यावा असं त्यात काहीच नसेल. पण ‘आज चतुर्थी, तीनला भरती’ एवढं ज्याला ठाऊक आहे, तो पावणेचारची ओहोटी वाचून तिथल्या तिथे थांबेल. तासभर चुकणारा आडाखा साडेपाच तासांची चूक पकडायला पुरेसा असतो. पाउणकीची खरी किंमत इथे आहे.

तिसरी चूक म्हणजे यंत्र बंदच पडणं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वीज गेली, फोन मुके झाले, लाखो माणसं रस्त्यात अडकली. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रातच जातं आणि भरती असेल तर गटारांची मुखं पाण्याखाली असल्याने ते तुंबून राहतं. त्या वर्षी गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती; २६ म्हणजे पाच दिवस पुढे. पाच पाऊण पावणेचार. प्रत्यक्षात त्या दुपारी ४.४८ मीटरची भरती चारच्या सुमारासच आली होती. पूर्ण ओहोटी मग रात्री दहाच्या आसपास. हे जाणल्याने पाऊस थांबला नसता. पण पाणी कधी आणखी तुंबणार आणि त्याला उतरायला वाट कधी मिळणार, हे अंधारात, फोनशिवाय, गुरुपौर्णिमा कधी झाली एवढ्या आठवणीवर सांगता आलं असतं. अशा रात्री ते किती मोलाचं, हे ती भोगलेल्या मुंबईकराला सांगायला नको. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या अनेक गावांत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस नव्हते. भरती-ओहोटी रोज होतच होती.

हा प्रश्न एकट्या भरतीचा नाही

समुद्रावर आपली जागा ओळखण्याचंही असंच आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून येणारा संदेश इतका क्षीण असतो, की जमिनीवरून तो दाबता येतो किंवा खोटा पाठवता येतो. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात सुमारे वीस जहाजांच्या यंत्रांनी आपली जागा चक्क किनाऱ्यावरच्या विमानतळावर दाखवली. पडदा चुकतो आहे हे कळायला आपण खरे कुठे आहोत याचा स्वतःचा अंदाज लागतो. अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून जागा काढण्याचं शिक्षण १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद केलं होतं, ते २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं. आपल्याकडचे मच्छीमारही टेकडी, दीपस्तंभ, देवळाचा कळस अशा किनाऱ्यावरच्या खुणा एका रेषेत धरून जागा ओळखत आले आहेत. दोन दिशांच्या अशा दोन रेषा जिथे मिळतात ती आपली जागा.

कौशल्य जिवंत ठेवायचं ते असं

अशा गोष्टी ‘अडीअडचणीला उपयोगी’ म्हणून वहीत लिहून ठेवल्या, तर अडचणीच्या दिवशी त्या हाताशी येत नाहीत. हिशेब तोंडी यायला हवा आणि आपल्या उत्तरावर किती विश्वास टाकायचा हेही अंगात मुरायला हवं. दोन्ही रोजच्या वापरानेच येतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने, किंवा किनाऱ्यावर वरचेवर जाणाऱ्याने, हे करून पाहावं.

पहिलं, एक पंधरवडा निवडा, अमावस्या ते पौर्णिमा. रोज सकाळी तिथी पाहून पाउणकीने भरतीची वेळ काढा आणि लिहा. त्यानंतरच मोबाइल उघडा आणि त्याची वेळ शेजारी लिहा. क्रम उलटा करू नका. उत्तर आधी पाहिलं की आपला अंदाज नकळत त्याच्याकडे झुकतो.

दुसरं, जमेल तेव्हा प्रत्यक्ष पाणी पाहा. धक्क्याची एखादी पायरी, एखादा खडक खुणेला धरा आणि पाणी कधी थबकतं ते बघा. तुमच्या खाडीत भरती मुंबईच्या हिशेबापेक्षा किती आधी किंवा उशिरा येते, ते पंधरवड्यात कळेल. तो फरक एकदा सापडला की कायमचा तुमचा. पाउणकीत तो मिळवायचा किंवा वजा करायचा; हा आकडा कुठल्याही मोबाइलमध्ये नसण्याचा संभव आहे, पण तुमच्या गावातल्या जुन्या नाखव्याला तो बहुधा माहीत असतो. त्याच्याकडून तो आजच विचारून घ्यावा आणि मुलांना सांगावा.

तिसरं, मुलांना पाउणकी शिकवा. पाठांतराच्या हौसेने नव्हे, कामासाठी. भरती सांगू लागला की पाढा लक्षात राहतो आणि पाढा येत असला की भरती सांगता येते. शुक्ल चतुर्थीचा चंद्र मावळतीला कुठे दिसतो, कृष्ण अष्टमीचा किती वाजता उगवतो, हेही बोलता बोलता दाखवता येतं. मग दिनदर्शिका नसली तरी चंद्राकडे पाहून तिथी आणि तिथीवरून पाणी, अशी साखळी पुरी होते.

आणि शेवटी रोजचा नियम. पाण्यात, वाळूवर, खडकांवर किंवा होडीत पाय ठेवण्याआधी पाउणकीने स्वतःचं उत्तर काढायचं, मग मोबाइल पाहायचा. दोन्ही तासाभराच्या आत जुळले तर मोबाइलचं धरायचं, कारण तो जास्त अचूक आहे. जुळले नाहीत तर दोघांवरही विश्वास ठेवायचा नाही. तिथी पुन्हा पाहायची, मोबाइलमधलं बंदर आणि घड्याळ तपासायचं, किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत कोरड्या जागी थांबायचं.